ती व्हॅन आपोआप पेटली नव्हती

संशय घेणं हे माझं काम आहे. कुणाची गाडी जळाली, कालव्यात बुडाली, झाडावर आदळली की विमा कंपनी मला फोन करते. मी जाऊन बघायचं आणि गाडीचा मालक सांगतो तसंच घडलं का, ते लिहून द्यायचं. इथे जबलपूरच्या आसपास पाटनकडचे ट्रॅक्टर, बरगीच्या धरणाकडे मासळी नेणारे टेम्पो, तिलवाऱ्याच्या पुलाअलीकडे उलटलेले ट्रक, सगळ्यांच्या पोटात मी टॉर्च घेऊन डोकावलो आहे. मालक चहा देतो, मी तो पीत नाही. मालकाची आई रडायला लागली की मी गाडीची स्टेपनी जागेवर आहे का ते बघतो. माणूस स्वतःची गाडी पेटवतो तेव्हा चांगली स्टेपनी आधी काढून ठेवतो. ही गोष्ट मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळली आणि तिच्यावर माझं घर चाललं आहे.

आमचं घराणं इथे केव्हा आलं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दोन्हींची खिचडी. तिथे पोहे आणि खव्याची जलेबी खायची, कुणाचा मुलगा कुठे लागला ते ऐकायचं आणि घरी यायचं. त्यात गेल्या वर्षी बँकेत बदली होऊन पुण्याहून एक मॅडम आल्या. त्यांना जबलपूर शांत वाटलं, म्हणजे कंटाळवाणं वाटलं. त्यांनी स्वतःचा प्रोजेक्टर आणला आणि महिन्यातून एका रविवारी सिनेमा दाखवायचं ठरवलं.

तिसऱ्या सिनेमाच्या वेळी ग्रुपवर त्यांनी एवढंच टाकलं होतं की संगीतावरचा माहितीपट आहे. हॉल भरला. दोन-तीन म्हातारे तर एखाद्या गवयावरचा असेल म्हणून ताल धरायच्या तयारीनं पुढच्या खुर्च्यांवर बसले. दिवे गेले आणि पडद्यावर तीन पोरी आल्या. इंग्लंडच्या उत्तरेकडचं कुठलंसं बंदराचं गाव, चाळीसेक वर्षांपूर्वीचं. एकीच्या हातात गिटार, दुसरी माईकला लोंबकळल्यासारखी, तिसरी ड्रमच्या मागे. तिघी एकदमच सुरू झाल्या आणि पुढच्या खुर्चीवरचे काका कानावर हात ठेवून म्हणाले, ‘‘हे गाणं आहे का भांडण?’’

ते पंक होतं. फारसं न शिकता, जोरात, जे बोचतंय ते तोंडावर सांगायचं, असा तो प्रकार असल्याचं मॅडमनी आधी समजावलं होतं; पण तेव्हा आम्ही जलेबीत होतो. अर्ध्या तासात हॉल निम्मा रिकामा झाला. बायको माझ्या शेजारी होती. ती शाळेत संस्कृत शिकवते आणि कुठल्याही कार्यक्रमातून मधेच उठणं तिला असभ्य वाटतं. मी मात्र उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात पडद्यावर ती व्हॅन आली.

सिनेमाची गोष्ट अशी. ह्या तिघींची एकच तबकडी बाहेर आली होती. दुसरी त्यांनी रेकॉर्ड केली आणि टेप घेऊन आपल्या व्हॅनमधून गावी परत आल्या. हिवाळ्यातली दुपार होती. व्हॅन समुद्राच्या कठड्याजवळ लावून त्या खायला गेल्या. वायरिंग शॉर्ट झालं, व्हॅन पेटली, वाद्यं जळाली, टेप जळाल्या. दुसरी प्रत नव्हती. त्यानंतर बँड मोडला. तरी आजही जगभरात मूठभर माणसं त्या एका तबकडीवर जीव टाकून आहेत. म्हातारपणाकडे झुकलेले लोक कॅमेऱ्यासमोर बाही वर करून दंडावर गोंदलेलं बँडचं नाव दाखवत होते. मागे पियानो वाजत होता. आणि पडद्यावर त्या जळालेल्या व्हॅनचे, गावातल्या एका फोटोग्राफरनं काढलेले तीन फोटो आले.

मी खुर्चीत सरळ झालो.

वायरिंगनं गाडी पेटली की आग पुढून मागे जाते. ह्या व्हॅनचे पुढचे टायर शाबूत होते, हवेसकट. ती मधोमध जळाली होती. दोन्ही बाजूंच्या काचा खाली केलेल्या होत्या. हिवाळा, समुद्राचा वारा, आणि काचा खाली? आगीला हवा लागते, ती कुणीतरी दिली होती. आणि मागच्या उघड्या दारातून जे लोखंड दिसत होतं त्यात ड्रमच्या झांजा नव्हत्या, त्यांचे स्टँड नव्हते. लाकूड जळतं, कातडं जळतं, पण लोखंडी स्टँड कुठे जाणार? वाकडे होऊन तिथेच पडतात.

बाहेर आल्यावर मी मॅडमना गाठलं. ‘‘सिनेमा पेनड्राइव्हवर मिळेल का?’’

त्यांचा चेहरा उजळला. ‘‘आवडला ना तुम्हाला? मला वाटलं होतं, निदान एकाला तरी आवडेल.’’

‘‘आवडला नाही. खोटा आहे.’’

त्या दुखावल्या, पण पेनड्राइव्ह दिला. जाताना बायको म्हणाली, ‘‘काहून बोलता असं? त्या बिचाऱ्या एवढं करून राहिल्या.’’

पुढचे कित्येक रविवार दुपारी जेवण झालं की मी कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसू लागलो. मला फक्त ते तीन फोटो बघायचे होते. पण फोटो काही बोलत नाहीत, माणसं बोलतात. म्हणून मुलाखती तपासायला घेतल्या. आता साठी ओलांडलेल्या त्या तिघी वेगवेगळ्या ठिकाणी बसून त्या दुपारबद्दल बोलतात. गाणारी म्हणते त्या मासे खायला गेल्या होत्या. गिटारवाली म्हणते चहा प्यायला. ड्रमवाली म्हणते, ‘‘खायला,’’ आणि थांबते. सांगताना तिघींचीही नजर खाली जाते. माझ्या धंद्यात असे साक्षीदार मी रोज बघतो.

मुलाखतींच्या मधे गाणी होती. ती पुढे ढकलता आली असती, पण एखाद्या ओळीत काही सुटेल म्हणून मी ऐकत गेलो. पहिल्यांदा नुसता आवाज. मग शब्द सुटे व्हायला लागले, आणि मी ती अख्खी तबकडीच नेटवर शोधून ऐकू लागलो. एक गाणं मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यातल्या पोरीचं होतं. कामाची पाळी संपल्याचा भोंगा झाला तरी तिचे हात हलायचे थांबत नाहीत, आणि ती मुकादमाला विचारत राहते, माझे हात मला केव्हा परत देणार? गाणारी ते गात नव्हती, ती त्याला जाबच विचारत होती. एके दिवशी बरगीहून परत येताना माझ्या लक्षात आलं की मी स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला आहे आणि तो त्याच गाण्याचा आहे. मी बोटं थांबवली. तिलवाऱ्याचा पूल येईपर्यंत ती पुन्हा सुरू झाली होती.

खरं म्हणजे मला त्या ड्रमवालीनं धरलं. बाकीच्या दोघी प्रेक्षकांकडे बघतात, ही त्या दोघींकडे बघते. हसत नाही. गिटारवाली वेळेवर येईल का, गाणारी ओळ विसरेल का, अशा नजरेनं ती मान तिरकी करून दोघींवर पहारा ठेवते आणि हात मात्र चालूच. तिचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता आणि त्यातूनच तो ठेका उभा राहत होता. असं कुणाला वाजवताना मी पाहिलं नव्हतं. कदाचित असा कुणी माणूसच पाहिला नव्हता, आरसा सोडून.

मग एका रविवारी मला ती गोष्ट सुचली. खरं तर ती पहिल्या दिवशीच सुचायला हवी होती. ड्रम आगीआधी बाहेर काढले असतील, तर टेपही काढल्या असतील. ड्रम वाचवून टेप कोण जाळेल? म्हणजे ती दुसरी तबकडी कुठेतरी आहे. कुणाच्या तरी माळ्यावर, पलंगाखाली. एवढ्या वर्षांत मी शेकडो दावे खोटे पाडले. त्यातला एकही खोटा निघावा म्हणून मी देवाला हात जोडले नव्हते. ह्या वेळी जोडले असते. मला ती गाणी ऐकायची होती.

घरात तोवर दुसराच तपास सुरू झाला होता.

‘‘एकटेच हसून काहून राहिले?’’ बायकोनं एकदा विचारलं.

‘‘काही नाही. ऑफिसचं.’’

‘‘ऑफिसच्या कामाला हेडफोन लागतो?’’

पंकचा बँड आवडतो हे पन्नाशीत बायकोला कसं सांगायचं ते मला कळेना. ती मला सांगून, अगदी समोरून, माझा फोन उचलून बघायला लागली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

मी दिग्दर्शकाला ईमेल लिहिली. महिना झाला तरी उत्तर नाही. मग एका अनोळखी पत्त्यावरून एकच ओळ आली: तुम्हाला पैसे कोण देतं?

मी ती मॅडमना दाखवली. त्यांनी आधी माझी मूळ ईमेल मागितली, वाचली आणि कपाळाला हात लावला. ‘‘अहो, हे काय लिहिलंय? ‘खालील मुद्द्यांचा खुलासा करावा.’ मुद्दा एक, टायर. मुद्दा दोन, काचा. तुम्ही त्यांना नोटीस पाठवलीय! चाहता असं लिहितो का कधी?’’

‘‘मी चाहता आहे असं कुठे म्हटलं?’’

‘‘मग काय आहात?’’

दिग्दर्शकानं माझी ईमेल त्या तिघींपैकीच कुणाला तरी दिली असणार असं धरून, घरी येऊन मी त्याच पत्त्यावर दुसरी लिहिली: मला कुणी पैसे देत नाही, मी हिंदुस्तानातल्या जबलपूर नावाच्या गावात गाड्या तपासतो, तुमची एकच तबकडी रोज ऐकतो, मी तुमचा चाहता आहे. शेवटचे चार शब्द मी दोनदा खोडले. तिसऱ्यांदा लिहून डोळे मिटून पाठवून दिले.

उत्तर लगेच आलं. चाहता असाल तर सांगा, चूक कुठे आहे?

ह्याला गूढ म्हणावं असं काही नव्हतं, कारण मला चूक माहीत होती. कारखान्याच्या गाण्यात हातांची ती ओळ शेवटच्या वेळी येते तेव्हा ड्रम एक मात्रा आधी येतात आणि बाकीच्या दोघी धडपडत त्यांना गाठतात. ऐकणाऱ्याला वाटतं की मुद्दाम केलंय. मी ते लिहिलं, आणि पुढे हेही लिहिलं की माझ्या मते ड्रमवालीचा त्या क्षणी दोघींवरचा विश्वास पूर्ण उडाला होता. दोन दिवसांनी ड्रमवालीनं स्वतःच्या नावानं उत्तर दिलं. व्हिडिओ कॉलवर बोलायला ती तयार होती. अटी दोन: काही रेकॉर्ड करायचं नाही, आणि बँडचं नाव कुठे येता कामा नये. म्हणून ते इथे नाही. सिनेमाचंही नाही. गावाबद्दल आणि व्हॅनबद्दल वर जे लिहिलं त्यातले काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. कुठले ते विचारू नये.

कॉलच्या दिवशी बायको खुर्ची ओढून माझ्या मागे बसली. ‘‘मी पण बघते कोण आहे ही.’’

‘‘अगं, साठी उलटलेली बाई आहे. ड्रम वाजवते.’’

‘‘अच्छा? तर मग मी बसल्यानं काय बिघडून राहिलं?’’

पडद्यावर एक स्वयंपाकघर आलं. आखूड पांढरे केस, जाड काचांचा चष्मा. पण मान तिरकी करून बघणं तेच. तिनं नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. लॅपटॉप फिरवून खोली दाखवायला सांगितली. मी दाखवली: कपाट, देव्हारा, कॅलेंडर, वाळत घातलेले कपडे. मग तिनं विचारलं, ‘‘मागे कोण?’’

‘‘माझी बायको.’’

‘‘तिच्याशी बोलू दे.’’ बायको पुढे झाली. ड्रमवाली म्हणाली, ‘‘हा माणूस जे सांगतो तेच आहे का? कुठल्या कंपनीचा वकील तर नाही?’’

बायको शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ‘‘वकील नाही. ह्यांचा दूधवाल्यावरही विश्वास नाही. पण खोटं बोलत नाहीत. त्यांना जमत नाही.’’

ती बाई पहिल्यांदा हसली. मग मी टायर सांगितले, काचा सांगितल्या, स्टँड सांगितले. ती ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, ‘‘इतक्या वर्षांत लोक मला विचारतात की तेव्हा कसं वाटलं. टायरचं कुणी विचारलं नाही.’’

‘‘विम्यासाठी केलंत?’’

‘‘व्हॅनचा विमाच नव्हता.’’

माझ्या अंगातली हवाच गेली. मी एवढे महिने हेतू म्हणून जे धरून बसलो होतो ते एका वाक्यात संपलं. विमा नाही तर गाडी जाळायची कशाला?

तिनं सांगितलं. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या करारावर त्यांनी न वाचता सही केली होती. दुसऱ्या तबकडीची गाणी आता कंपनीची होती. स्टुडिओतून निघताना कंपनीच्या माणसानं सांगितलं की टेप सोमवारी पाठवा. कंपनी त्यात व्हायोलिनं भरणार, गाणं एका बऱ्या आवाजाच्या मुलीकडून पुन्हा गाऊन घेणार, आणि ह्या वेळी कारखान्यातल्या मुकादमाबद्दल काही नको. गावी येईस्तोवर व्हॅनमध्ये कुणी बोललं नाही. कठड्याजवळ गाडी थांबली तेव्हा गाणारीनं काचा खाली केल्या. पेट्रोलचा डबा गिटारवालीनं उचलला.

‘‘आणि ड्रम?’’ मी विचारलं.

‘‘ड्रम माझ्या भावाचे होते. त्याला मी काय सांगणार होते?’’

‘‘टेप?’’

व्हिडिओवर बोलताना माणूस पडद्याकडे बघतो, त्यामुळे नजर जराशी खाली राहते. ती तोवर तशीच बघत होती. आता तिनं थेट कॅमेऱ्यात पाहिलं. ‘‘टेप आत होत्या,’’ ती म्हणाली.

मग तिनंच विषय बदलला. बायकोला विचारलं की ती काय शिकवते, आणि संस्कृत म्हणजे काय ते ऐकत राहिली. कॉल संपला.

मी लॅपटॉप मिटला. एखाद्या जवळच्या माणसाची वाईट बातमी यावी तसं झालं होतं. ‘‘जळाल्या,’’ मी म्हटलं.

‘‘तुम्हाला खरं वाटलं?’’ बायकोनं विचारलं.

‘‘तिनं सगळं कबूल केलं की. मग एवढ्यासाठी कशाला खोटं बोलेल?’’

‘‘भावाचे ड्रम आठवणीनं काढते. अन् स्वतःची गाणी आत सोडते? त्या कंपनीला पाठवायची नव्हती म्हणून जाळली म्हणते ना? मग कंपनीला जळाली असं वाटलं की झालं. गाडी जाळली की काम भागलं.’’ ती उठून खिडकीचा पडदा सरकवायला गेली. ‘‘आणि कंपनी आता बंद पडली का? नाही ना? मग ती आजही हेच सांगणार. तुम्हालाच नाही, देवालाही.’’

करार अजून जिवंत असेल, तर टेप सापडल्या त्याच दिवशी त्या कंपनीच्या होतील. म्हणजे ती बाई खरं बोलली असेल तरी तेच उत्तर, आणि खोटं बोलली असेल तरी तेच. प्रत्येक तपासात माझा एक ठरलेला दुसरा प्रश्न असतो: सामान आत ठेवताना कुणी पाहिलं? तो मी विचारलाच नव्हता. कधी नव्हे तो विसरलो होतो.

‘‘विचारा मग,’’ बायको म्हणाली. ‘‘लिहा तिला.’’

मी दोन-तीन दिवस विचार केला. मला ती गाणी अजूनही ऐकायची होती, आजही आहेत. पण विचारलं असतं तर तिला पुन्हा एकदा कॅमेऱ्यात बघावं लागलं असतं. आणि मला खरं कळलं असतं तर ते मला नुसतं ठाऊक असून भागलं नसतं. मी माझ्या सवयीनं ते कुठेतरी लिहून ठेवलं असतं. मी लिहिलं नाही. दुपारी आता हेडफोन लावत नाही, स्पीकरवर ऐकतो. कारखान्याच्या गाण्याला बायको खालच्या आवाजात ‘हात परत द्या’ म्हणते, बरोबर वेळेवर, आणि मग विचारते की शेवटी ड्रम आधी येतात ते नक्की चुकून का.

पुढच्या महिन्यात मंडळात सिनेमा होता. मॅडम प्रोजेक्टरची वायर जोडत होत्या. मला बघून त्या ती हातातच धरून वळल्या.

‘‘काय झालं हो तुमच्या तपासाचं? बोलल्या का त्या? कशी पेटली शेवटी व्हॅन?’’

आजूबाजूला चार माणसं होती. मी म्हटलं, ‘‘वायरिंग शॉर्ट.’’

‘‘आणि ते टायर? काचा?’’

‘‘फोटोत तसं दिसतं कधीकधी.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको जलेबीचा तुकडा मोडत होती, तिनं मान वर केली नाही. मॅडमचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता हे मला स्वच्छ दिसत होतं. मी त्यांच्या हातातली वायर घेतली आणि प्रोजेक्टरला जोडून दिली.